जिथे घड्याळ मुद्दाम थांबवतात

मित्रांनो, ‘तीन, दोन, एक... उड्डाण!’ हे तुम्ही टीव्हीवर कितीदा तरी पाहिलं असेल. खाली आगीचे आणि वाफेचे लोट उठतात, यान हळूच जमीन सोडतं आणि बघता बघता आभाळात ठिपक्याएवढं होऊन जातं. दोन मिनिटांचा खेळ! पण त्या दोन मिनिटांच्या आधी कित्येक महिने काय चाललेलं असतं? यानाला कोण तपासतं, कोण उभं करतं, कोण जागेवर नेऊन ठेवतं? आणि सगळी तयारी झाल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, “आज नको, नंतर बघू” असं म्हणायचा अधिकार कुणाला असतो?

हे बघायला आज आपण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जाऊ या. तिथे अटलांटिक महासागराच्या काठाला मेरिट आयलंड नावाचं बेट आहे. त्यावर केनेडी स्पेस सेंटर उभं आहे. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत स्पेस शटलची सगळीच्या सगळी १३५ उड्डाणं इथूनच झाली. शटल आता उडत नाही. पण जिथे ते तयार व्हायचं ती जागा आहे, आणि तिथली गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

मगरींच्या शेजारी

बेटावर पाऊल ठेवलंत की आधी दिसतं ते रॉकेट नव्हे, तर दलदल! खाऱ्या पाण्याची तळी, उंच गवत, बगळे आणि चक्क मगरी. अमेरिकेत त्यांना ॲलिगेटर म्हणतात. अवकाशकेंद्राभोवतीची बरीचशी जमीन १९६३ सालापासून अभयारण्य आहे. शटल उतरायची इथली धावपट्टी साडेचार किलोमीटर लांब आहे, आणि ऊन खायला मगरी खुशाल तिच्यावर येऊन पडायच्या. यान उतरण्याआधी त्यांना हाकलणं हेसुद्धा इथलं एक कामच होतं.

आता शटल म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा असतो ना, त्याला इंग्रजीत शटल म्हणतात. तशाच पृथ्वी ते अवकाश अशा येरझाऱ्या घालणारं वाहन म्हणजे स्पेस शटल. त्याचे मुख्य भाग तीन. पहिला, पंख असलेलं विमानासारखं यान. कोलंबिया, चॅलेंजर, डिस्कव्हरी, अटलांटिस आणि एंडेव्हर अशी पाच यानं अवकाशात जाऊन आली. दुसरा भाग म्हणजे यानाच्या पोटाशी असलेली ४७ मीटर उंच नारिंगी टाकी. तिच्यात यानाच्या इंजिनांसाठी द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन भरलेला. आणि तिसरा भाग, दोन्ही बाजूंचे पांढरे बूस्टर, म्हणजे घट्ट इंधन भरलेले ४५ मीटर उंचीचे दोन रॉकेट. बूस्टर काम संपलं की पॅराशूटने समुद्रात पडायचे आणि जहाजं त्यांना ओढून आणायची. टाकी मात्र दर वेळी नवी लागायची.

चोवीस हजार तुकड्यांचा अंगरखा

यान अवकाशातून परत आलं की पहिल्यांदा जायचं ते त्याच्या दवाखान्यात. एका मोठ्या शेडमध्ये त्याच्याभोवती मजल्यामजल्यांचे मचाण लावायचे आणि तंत्रज्ञ त्याची इंच इंच तपासणी करायचे. तीनही इंजिनं बाहेर काढून बघायचे. पण सगळ्यांत चिकट काम होतं टाइल्सचं.

यान परत येताना हवेशी इतकं घासतं, की त्याच्या नाकावर आणि पंखांच्या पुढच्या कडांवर सुमारे १६५० अंश सेल्सियस तापमान होतं. आत माणसं बसलेली! म्हणून यानाला सुमारे २४,००० टाइल्सचा अंगरखा घातलेला असे. या टाइल्स वाळूतल्या सिलिकापासून काढलेल्या तंतूंच्या. हातात घेतल्या तर थर्मोकोलसारख्या हलक्या. भट्टीतून नुकतीच काढलेली, मधे लालभडक दिसणारी टाइल कोपऱ्यांना धरून नुसत्या हाताने उचलता येते, इतकी ती उष्णता धरून ठेवते.

पण गंमत पाहा, या टाइल्स न्हाणीघरातल्या फरशांसारख्या एका मापाच्या नव्हत्या. यानाच्या वळणाप्रमाणे प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक, आणि प्रत्येक टाइल हातानेच चिकटवायची. १९७९ साली कोलंबिया पहिल्यांदा फ्लोरिडात आलं तेव्हा कितीतरी टाइल्स नीट बसलेल्याच नव्हत्या. मग काय? काढा आणि पुन्हा चिकटवा! त्या शेडमध्ये कोलंबियाने ६१० दिवस काढले. जग वाट बघत होतं, वर्तमानपत्रं थट्टा करत होती, तरी टाइल्स एकेक करूनच बसल्या. शेवटी १० एप्रिल १९८१ ही उड्डाणाची तारीख ठरली. आणि त्या दिवशी काय झालं? यानावरच्या पाच संगणकांपैकी राखीव संगणकाचा ताल बाकीच्या चौघांशी जुळेना. उड्डाण थांबलं. दोन दिवसांनी, १२ एप्रिलला, पहिलं शटल उडालं.

म्हणजे शटलची पहिलीच गोष्ट उशिराची! पुढची तीस वर्षं उशीर आणि शटल यांची दोस्ती काही तुटली नाही.

कासवाची पालखी

शेडच्या शेजारीच जगातल्या सर्वांत मोठ्या इमारतींपैकी एक उभी आहे. तिला सगळे व्ही.ए.बी. म्हणतात. तिची उंची १६० मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा, म्हणजे एकावर एक जवळजवळ दोन राजाबाई टॉवर! तिची दारं १३९ मीटर उंच आहेत. बाहेरच्या भिंतीवर अमेरिकेचा झेंडा रंगवला आहे, त्यातली एकेक चांदणी उंच माणसाएवढी.

इथे शटलचे सगळे भाग एकत्र यायचे. बूस्टरचे तुकडे दूरच्या युटा राज्यातून रेल्वेने यायचे. टाकी न्यू ऑर्लिन्सहून तराफ्यावर बसून समुद्रमार्गे यायची. आधी बूस्टर उभे करायचे, मग त्यांच्या मधे टाकी अडकवायची, आणि शेवटी सुमारे ८० टनांचं यान क्रेनने उचलून, नाक आभाळाकडे करून, टाकीला जोडायचं. क्रेनवाल्याचा हात जरा जरी हलला तरी काय होईल, विचार करा!

आता हा डोलारा समुद्रकाठच्या चबुतऱ्यापर्यंत न्यायचा. उड्डाणाच्या या चबुतऱ्याला तिथे पॅड म्हणतात. ३९-ए आणि ३९-बी असे दोन पॅड आहेत. जवळचा सुमारे साडेपाच किलोमीटरवर, दूरचा पावणेसात. नेणार कसा? त्यासाठी १९६५ साली, चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटांसाठी, दोन प्रचंड गाड्या बांधल्या. त्यांचं नाव क्रॉलर, म्हणजे रांगणारी! बुलडोझरला असतात तसे आठ पट्टे, वरचा भाग क्रिकेटच्या मैदानातल्या तीस यार्डांच्या वर्तुळात जेमतेम मावेल एवढा, आणि स्वतःचंच वजन सुमारे २७०० टन. पाठीवर शटल असलं की तिचा वेग ताशी दीड किलोमीटर. तुम्ही शाळेत रमतगमत गेलात तरी तिच्या पुढे जाल. एक किलोमीटर जायला सुमारे तीनशे लीटर डिझेल लागतं! रस्ता डांबरी नाही, त्यावर नदीतले गोटे पसरलेले असतात. अशा गोट्यांवर घर्षण कमी होतं आणि ठिणगी उडत नाही.

पॅडजवळ शेवटी चढ आहे. पण चढावरही शटल तिरकं होऊन चालत नाही. म्हणून क्रॉलर आपली मागची बाजू उचलते आणि पाठ सपाट ठेवते. एखाद्या बाईने डोक्यावर भरली घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढाव्यात, तशी!

सुतारपक्षी आला रे आला

पॅडवर शटल पोचलं म्हणजे झालं, असं समजू नका. इथे ते कित्येक आठवडे उघड्यावर उभं असायचं. आणि उघड्यावर कोण कोण भेटायला येईल याचा नेम नाही.

मे १९९५ ची गोष्ट. डिस्कव्हरी ३९-बी पॅडवर उभं होतं. टाकीतलं इंधन अतिशय थंड असतं, हायड्रोजन तर उणे २५३ अंश सेल्सियस. ते थंड राहावं म्हणून टाकीवर फेसासारख्या मऊ पदार्थाचा जाड थर असतो. तोच तो नारिंगी रंग. सुट्टीचे दिवस होते, पॅडवर माणसं कमी होती. तेवढ्यात एका सुतारपक्ष्याला वाटलं, वा, काय छान वाळलेलं झाड आहे! त्याने चोच मारली. मऊ लागलं. पण थोडं आत गेल्यावर टाकीचा धातूचा पत्रा. घरटं काही होईना. मग दुसरीकडे टोच, तिसरीकडे टोच... माणसं कामावर परतली तेव्हा टाकीला सुमारे दोनशे भोकं पडलेली होती. त्यांतली मोठी तर दहा सेंटिमीटरची!

हसू येतं ना? पण इंजिनिअरांना हसू आलं नाही. इंधन भरल्यावर त्या भोकांत बर्फ साचणार, उड्डाणाच्या धक्क्याने तो निखळणार आणि त्याचा मारा यानाच्या नाजूक टाइल्सवर होणार. वरच्या भोकांपर्यंत पॅडवर पोचताही येईना. ८ जूनला क्रॉलर आली आणि डिस्कव्हरीला उचलून परत घरी घेऊन गेली. मधल्या काळात अटलांटिसचा नंबर आधी लावला. ते २७ जूनला उडालं. डिस्कव्हरी १३ जुलैला गेलं. पुढे पॅडवर घुबडाचे प्लॅस्टिकचे पुतळे आणि मोठे डोळे काढलेले फुगे टांगून ठेवले, सुतारपक्ष्यांना भीती वाटावी म्हणून.

दुसरा पाहुणा आला तो आभाळातून. २६ फेब्रुवारी २००७ रोजी अटलांटिस पॅडवर असताना गारांचं वादळ झालं. टाकीवर हजारो खड्डे पडले. उड्डाण मार्चच्या मध्यावर व्हायचं होतं. यान परत नेलं, तंत्रज्ञांनी एकेक खड्डा तपासला, भरला, घासून सारखा केला, आणि अटलांटिस उडालं ८ जूनला. गेले तीन महिने! त्या वेळी सुनीता विल्यम्स अंतराळस्थानकावर होत्या. आधी त्या पुढच्या एका शटलने परतणार होत्या. पण सगळंच वेळापत्रक सरकलं, तेव्हा त्यांना अटलांटिसमधूनच आणायचं ठरलं. २२ जून २००७ रोजी त्या पृथ्वीवर उतरल्या. फ्लोरिडात पडलेल्या गारांमुळे अवकाशातल्या माणसाच्या परतीचं तिकीट बदललं!

घड्याळ थांबतं ते असं

आता आपण पॅडवरून परत व्ही.ए.बी.च्या शेजारी येऊ. इथे एक चार मजली इमारत आहे. तिच्यातल्या मोठ्या खोल्यांना फायरिंग रूम म्हणतात. उंच खिडक्यांतून दूरवर पॅड दिसतात. उड्डाणाच्या दिवशी इथे शेकडो इंजिनिअर आपापल्या पडद्यापुढे बसलेले असत. कुणी फक्त हायड्रोजन बघायचा, कुणी फक्त विजेचा दाब, कुणी फक्त हवामान.

उलटी मोजणी ४३ तासांपासून सुरू व्हायची. पण ती पुरी व्हायला लागायचे जवळजवळ तीन दिवस! हे कसं? कारण घड्याळ अधूनमधून मुद्दाम थांबवलेलं असायचं. २७ तास उरले की थांबा, १९ वर थांबा, ११ वर, ६ वर, ३ वर, मग २० मिनिटांवर आणि शेवटचा थांबा ९ मिनिटांवर. या थांब्यांत राहिलेली कामं उरकायची, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि शांतपणे विचार करायचा. तुमची आई पाहुणे यायच्या तासभर आधीच स्वयंपाक उरकते ना, ऐनवेळी कुकरची शिट्टी बिघडली तर घाई नको म्हणून? तसंच.

तीन तासांच्या थांब्यात काही माणसं भरलेल्या टाकीपर्यंत जायची. बाकी सगळे लांब, आणि ही माणसं दुर्बिणी घेऊन टाकीवर कुठे बर्फ धरलाय का ते बघत हिंडायची. त्याच सुमारास नारिंगी पोशाखातले अंतराळवीर यायचे आणि पाठीवर पडून, पाय वर करून, दोन-तीन तास तसेच बसून राहायचे.

नऊ मिनिटांच्या थांब्यात, बहुतेक वेळा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या, एकेकाला विचारलं जायचं. “तयार?” “तयार.” “तुम्ही?” “तयार.” यात एकाने जरी ‘नाही’ म्हटलं, तर थांबायचं. मग तो कितीही तरुण असो, नवा असो.

बरं, थांबायचं म्हणजे किती? इथे आणखी एक अडचण. अंतराळस्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असतं. फिरता फिरता फ्लोरिडा त्याच्या वाटेखाली बरोबर आलं, तेव्हाच उडायचं. ही संधी दिवसातून जेमतेम दहा मिनिटांची. ७ डिसेंबर २००६ रोजी सुनीता विल्यम्स यांचं डिस्कव्हरी सगळं सज्ज होतं, पण ढग खाली उतरले. दहा मिनिटं संपली. टाकी रिकामी करा, अंतराळवीरांना बाहेर काढा, पुन्हा पहिल्यापासून! दोन दिवसांनी, ९ डिसेंबरला ते उडालं.

पाऊस, वीज, उंचावरचा वारा, सगळ्यांचे नियम लिहून ठेवलेले होते. इतकंच काय, यानाला अडचण आली तर समुद्रापलीकडे स्पेन किंवा फ्रान्समध्ये उतरायची सोय ठेवलेली असे. तिथल्या सगळ्याच धावपट्ट्यांवर हवामान वाईट असेल, तर फ्लोरिडात लख्ख ऊन पडलेलं असूनही उड्डाण रद्द!

आणि हायड्रोजनचं तर विचारूच नका. त्याचे रेणू सगळ्यांत लहान. जिथून दुसरा वायू जाणार नाही अशा फटीतूनही तो निसटतो. १९९० साली कोलंबिया मे महिन्यात उडणार होतं. गळती काही केल्या सापडेना. ते उडालं २ डिसेंबरला.

अर्धा सेकंद

शेवटचे ३१ सेकंद उरले की मोजणीचा ताबा यानातले संगणक घ्यायचे. ६.६ सेकंद उरले की यानाची तीन इंजिनं पेटायची. ती नीट चालली तरच शून्याला बूस्टर पेटायचे. बूस्टर एकदा पेटले की विझवता येत नाहीत. म्हणजे ‘थांबा’ म्हणायची शेवटची संधी त्या सहा सेकंदांत. आणि खरंच, इंजिनं पेटल्यावर संगणकांनी ती विझवून टाकली असं पाच वेळा घडलं. १९९४ साली तर एंडेव्हर अवघे १.९ सेकंद उरले असताना थांबलं.

पण मला सांगायची आहे ती रात्र वेगळी. २० जुलै १९९९. कोलंबियाच्या पोटात ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण होती. नोबेल पारितोषिक मिळवणारे आपल्या मातीतले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव तिला दिलेलं. यानाच्या प्रमुख होत्या आयलीन कॉलिन्स, शटलचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री. सगळ्या जगाचं लक्ष होतं. दहा, नऊ, आठ... आणि यानाच्या शेपटाकडे हायड्रोजन किती साचलाय ते बघणाऱ्या इंजिनिअरच्या पडद्यावर आकडा एकदम उसळला. विचारायला वेळ नाही, वरिष्ठांकडे बघायला वेळ नाही. मोजणी तोडली गेली. इंजिनं पेटायला अर्धा सेकंदही उरला नव्हता!

नंतर तपासलं तर हायड्रोजन नव्हताच. आकडा खोटा होता. तीन दिवसांनी, २३ जुलैला, चंद्रा दुर्बीण अवकाशात गेली आणि पंचवीस वर्षं उलटून गेल्यावरही काम करत राहिली. आता तुम्हीच सांगा, ज्याने मोजणी थांबवली तो चुकला का? अजिबात नाही! चुकलं होतं यंत्र. आकडा खरा असता तर? खरा की खोटा हे ठरवायला अर्धा सेकंद पुरत नाही. म्हणून आधी थांबायचं, मग शोधायचं.

जेव्हा ‘थांबा’ ऐकलं गेलं नाही

हे मी इतकं घोळून का सांगतोय? कारण या जागेने दोनदा फार मोठी किंमत मोजली आहे.

जानेवारी १९८६. चॅलेंजरचं उड्डाण २२ तारखेपासून पुढे पुढे सरकत होतं. कधी समुद्रापलीकडचं हवामान वाईट, कधी पावसाचा अंदाज. २७ तारखेला तर यानाच्या दरवाज्याचा एक बोल्ट निघेना, आणि तो निघेपर्यंत वारा सुटला. यानात ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. त्या अवकाशातून मुलांना धडे देणार होत्या, म्हणून देशभरची मुलं टीव्हीपुढे बसलेली. २७ च्या रात्री कडाक्याची थंडी पडली. पॅडवर बर्फाचे सुळके लोंबू लागले. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी त्या रात्री फोनवरून बजावलं, इतक्या थंडीत उडू नका, बूस्टरच्या सांध्यांतली रबरी कडी कडक होतील आणि सांधा नीट मिटणार नाही. बराच वेळ वाद झाला. वरिष्ठांनी शेवटी ‘उडवा’ म्हटलं. २८ जानेवारीला सकाळी ११.३८ ला, अवघं २ अंश तापमान असताना, चॅलेंजर उडालं. ७३ सेकंदांनी ते आकाशातच फुटलं. सातही जण गेले. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सगळ्यांसमोर त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढला तरी रबर लगेच उसळून पूर्ववत होईना. इंजिनिअर खरं बोलत होते!

दुसरी गोष्ट कोलंबियाची. त्यात आपल्या कर्नालच्या कल्पना चावला होत्या. हे उड्डाण आधी कितीदा तरी पुढे गेलं होतं. २००२ साली शटलच्या इंधननळ्यांत बारीक भेगा सापडल्या, तेव्हा सगळीच यानं थांबवली गेली. म्हणजे तिथे थांबण्याचं शहाणपण दिसलं. पण दुसऱ्या एका गोष्टीत नाही. टाकीवरच्या फेसाचे तुकडे उड्डाणात निखळतात हे पूर्वीपासून माहीत होतं. दर वेळी यान सुखरूप परत यायचं, म्हणून त्याची सवय झाली. १६ जानेवारी २००३ रोजी असाच एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परत येताना त्या जागेतून तप्त वायू आत शिरला आणि कोलंबिया मोडून पडलं. सातही अंतराळवीर गेले. चौकशी समितीच्या अहवालात एक बारीकशी गोष्ट आहे. अंतराळस्थानकाचा एक टप्पा १९ फेब्रुवारी २००४ पर्यंत पुरा करायचा असं वरून ठरलं होतं. त्या तारखेला किती दिवस, किती तास, किती सेकंद उरले, हे दाखवणारं चित्र अधिकाऱ्यांना त्यांच्या संगणकाच्या पडद्यासाठी दिलेलं होतं! हेही एक उलटं घड्याळच. फरक इतकाच, की या घड्याळात थांबे नव्हते.

उसळ, आणि शेवटचे ३१ सेकंद

पण ही जागा फक्त दुःखाची नाही हं. उड्डाण यशस्वी झालं की फायरिंग रूमची माणसं खाली यायची आणि एक ठरलेला बेत असायचा. शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांची घट्ट उसळ आणि मक्याचा पाव. पहिल्या उड्डाणापासूनची रीत! उड्डाण रद्द झालं तर मात्र उसळ पुढच्या खेपेला.

८ जुलै २०११ रोजी शेवटचं शटल, अटलांटिस, उडायला उभं राहिलं. लाखो लोक समुद्रकाठी जमले होते. मोजणी ३१ सेकंदांवर आली... आणि घड्याळ थांबलं! टाकीच्या डोक्यावरचं टोपीसारखं झाकण धरणारा हात पुरता बाजूला झाला की नाही, याची खात्री संगणकाला मिळेना. तीस वर्षांचा अनुभव होता, शेवटचाच दिवस होता, तरी कुणी “असू दे, झालं असेल” म्हटलं नाही. कॅमेरा फिरवला, डोळ्यांनी पाहिलं, हात बाजूला झालेला होता. मग घड्याळ पुढे गेलं. दोन-अडीच मिनिटं उशीर.

तेच अटलांटिस आता केनेडी स्पेस सेंटरमध्ये प्रेक्षकांसाठी ठेवलं आहे. कधी गेलात तर नीट बघा, ते तिरकं टांगलंय. किती अंशांत? ४३.२१. आकडे एकेक करून मोठ्याने वाचा म्हणजे गंमत कळेल! मोजणीचं जुनं घड्याळही तिथल्या प्रवेशद्वाराशी उभं आहे. १९६९ साली अपोलो-१२ च्या वेळी बसवलेलं.

क्रॉलर मात्र म्हातारी झाली तरी कामावर आहे. २०२२ साली चंद्राकडे जाणारं आर्टेमिस-१ तिनेच पॅडवर नेलं. ते २९ ऑगस्टला उडणार होतं, थांबलं. ३ सप्टेंबरला उडणार होतं, पुन्हा थांबलं. कारण? तीच जुनी खोड, हायड्रोजनची गळती! मग वादळ आलं, म्हणून क्रॉलरने रॉकेट परत घरी आणलं. शेवटी १६ नोव्हेंबरला ते उडालं आणि चंद्राला वळसा घालून सुखरूप परत आलं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी टीव्हीवर मोजणी मधेच थांबली आणि घरात कुणी “छे, पुन्हा रद्द!” म्हणून चॅनल बदलू लागलं, तर त्यांना जरा थांबवा. त्या क्षणी दूर कुठेतरी एका खोलीत कुणीतरी एका आकड्याकडे बघून “नाही” म्हटलेलं असतं, आणि बाकीच्या सगळ्यांनी ते ऐकलेलं असतं.